दार वाजलं एवढंच कळतं

१

सकाळी चहाचा कप घेऊन ती टेबलावरच्या कॉम्प्युटरशी बसायची आणि आधी तक्रारी वाचायची. पोटापाण्याचं काम नंतर. एका छापखान्याची प्रुफं ती घरून तपासायची, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले ते गेलेच. डोळे मात्र घारीचे राहिले. लोकांच्या ओठांवरून ती बोलणं वाचायची, आणि लोक जे बोलायचं टाळतात ते त्यांच्या भुवयांवरून.

या तक्रारी असायच्या 'चाहूल'बद्दल. चाहूल हा तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो तिला म्हणाला होता, "भिंतीला कान असतात म्हणतात ना? मग तुझे तिथेच लावू." बोलून थांबणाऱ्यातला तो नव्हता. खोल्याखोल्यांतून त्याने जुने फोन ठेवले आणि समोरच्या भिंतीवर एक पडदा टांगला. घरात जे वाजेल त्याचं नाव त्या पडद्यावर उमटायचं. नळ. किटली. फोन. दार. पुढे त्याने तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही फुकट घ्यावा, कुणीही उघडून दुरुस्त करावा. बघता बघता कुठल्या कुठल्या गावांतल्या बहिऱ्या माणसांच्या भिंतींना कान फुटले.

आता माणसं आली म्हणजे तक्रारीही आल्या. येईल त्या तक्रारीवर लेबल लावावं लागतं, म्हणजे ती कुणी बघायची ते ठरतं. दोष, प्रश्न, सूचना, आणि तीच तक्रार पुन्हा आली तर 'जुळं'. तो होता तोवर हे काम त्याने स्वतःच्या हाताने केलं. तो गेला आणि ढीग साचला. तेव्हा मास्तरांनी एक यंत्र बसवलं. मास्तर म्हणजे दूरच्या कुठल्याशा शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ. प्रोग्रामचं निम्मं ओझं तेच वाहायचे. तिने त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं; दोघांचं सगळं बोलणं टाईप करून. ते यंत्र नवऱ्याने लावलेली जुनी लेबलं वाचून शिकलं आणि नव्या तक्रारींवर आपणच लेबलं लावू लागलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं कारकून.

कारकून चुका करायचा, पण कारकुनासारख्याच. प्रश्नाला दोष म्हणायचा, दोषाला सूचना. ती ते दुरुस्त करायची, तो पुढच्या खेपेला जरा शहाणा व्हायचा. असं बरं चाललं होतं.

त्या सकाळी एका घड्याळजीची तक्रार आली होती. "माझ्या घराला फाटक नाही. दार थेट रस्त्यावर उघडतं. तरी रोज संध्याकाळी पडद्यावर 'फाटक' असं येतं. काय भानगड आहे?"

साधा दोष होता. पण कारकुनाने त्यावर 'दोष' लावलं नव्हतं. त्यावर लेबल होतं 'येतो'.

तिचा चहा तसाच राहिला.

२

'येतो' हे लेबल यादीत नव्हतंच. होतं, पण तिने ते आपल्या हाताने पुसलं होतं.

ते त्याचं खास लेबल. जी तक्रार तो स्वतः हातात घ्यायचा तिच्यावर तो 'येतो' लावायचा, म्हणजे थांबा, येतो तुमच्याकडे. लोकांना त्याची गंमत वाटायची. एकाने तर लिहिलं होतं, "प्लंबरही असंच म्हणतो, पण तुम्ही खरोखर येता." तो गेल्यावर यादीत तो शब्द तिला बघवेना, म्हणून तिने तो काढून टाकला होता.

तिने मास्तरांना विचारलं. उत्तर लगेच आलं. "ताई, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातलं हे. यादीतून तुम्ही काढलंत, पण जुन्या तक्रारींवर तो शब्द होताच. कारकून त्याच वाचून शिकला. आडात होतं ते पोहऱ्यात आलं, दुसरं काय?"

पटण्यासारखं होतं. तिला पटलंही. तरी दिवसभर प्रुफं वाचताना तोच शब्द ओळींच्या मधून डोकावत राहिला.

त्याचं कारण वेगळं होतं. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तोही रोज म्हणायचा. पण हिला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला आपल्याकडे वळवायचा आणि तोंडासमोर तोंड आणून म्हणायचा, "येतो गं." ती म्हणायची, "ये." मग तो जायचा.

शेवटच्या दिवशी त्याला उशीर झाला होता. ती मोरीशी पाठमोरी भांडी विसळत होती. खांद्यावर हात पडला नाही. तिने वळून पाहिलं तेव्हा भिंतीवर शब्द होता, 'दार', आणि दार लागलेलं होतं. तो ऑफिसच्या जिन्यात छातीला हात लावून खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

तो तिच्या पाठीमागे 'येतो' म्हणाला होता का? कुणी बोललं की पडद्यावर 'बोलणं' असं यायचं. पण पडदा एका वेळी सगळ्यांत मोठा आवाज तेवढा दाखवतो, आणि तेव्हा नळ चालू होता. त्या वेळची नोंद तिने किती वेळा उघडून पाहिली. नळ, नळ, नळ, दार. नवरा गेल्याचं दुःख माणूस कसंबसं गिळतं. पण तो शब्द म्हणाला की नाही, हे न कळल्याचं दुःख तिला गिळता येत नव्हतं. आणि त्याहून खोल एक होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला 'ये' म्हणायचं राहून गेलं होतं.

३

त्यानंतरच्या तक्रारी एकेक करून आल्या.

एक कुटुंब तळमजल्यावर राहत होतं. त्यांच्या पडद्यावर संध्याकाळी 'जिना' येऊ लागलं. "आमच्याकडे पायरी म्हणून नाही," त्यांनी लिहिलं होतं, "उंबरासुद्धा नाही." लेबल, येतो.

मग एका विणकाम शिकवणाऱ्या बाईंची आली. त्या एकट्या राहायच्या. "माझ्या घरी पुरुषाचा खोकला दाखवतंय. माझ्या भावाला हे कळलं तर माझी धडगत नाही," असं त्यांनी लिहिलं होतं आणि पुढे हसरा चेहरा टाकला होता. लेबल, येतो.

मास्तरांनी शोधून काढलं की प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत आवाजांचे जुने नमुने चुकून पुढे आले आहेत. "आणि ते नमुने त्यांचेच आहेत, ताई. तुमच्याच घरी घेतलेले. फाटक तुमचं, जिना तुमचा, खोकला त्यांचा. त्यामुळे कुठेही खुट्ट झालं की प्रोग्रामला तेच आठवतं."

तिने मान हलवली, जणू मास्तर समोर बसले होते. बरोबरच होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच.

पण एक गोष्ट तिने मास्तरांना सांगितली नाही. तो कसा घरी यायचा हे तिने कधी ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. रोज संध्याकाळी ती टेबलाशी पाठमोरी बसलेली असायची आणि समोरच्या भिंतीवर शब्द उमटायचे. फाटक. जिना. खोकला. किल्ल्या. दार. मग तो दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचा, म्हणजे ती दचकू नये, आणि पडद्यावर यायचं बटण, बटण, आणि खोलीभर उजेड लुकलुकायचा. सगळं वाचूनही न वाचल्यासारखं करून ती तशीच बसून राहायची. खांद्यावर हात पडला की मगच वळायचं, हा त्यांचा खेळ होता. बायका नवऱ्याची पावलं ओळखतात. ही ते शब्द ओळखायची, त्यांच्यामधलं अंतर ओळखायची.

आणि तक्रारी त्याच क्रमाने येत होत्या. फाटक. जिना. खोकला.

पुढची कुठली येणार हे तिला ठाऊक होतं. ती आली तेव्हा तिने ती डोळे मिटून उघडली. "आमच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे," कुणा विद्यार्थिनीने लिहिलं होतं, "मग या 'किल्ल्या' कुणाच्या?"

भीती वाटली का तिला? वाटली. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली काहीतरी हललं, आणि ते सुखाचं होतं. आता एकच उरलं होतं. दार.

४

रविवारी नणंद आली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. भावाच्या मागे तिने वहिनीकडे येणं सोडलं नव्हतं. वहिनी तिला थट्टेने वन्सं म्हणायची, कारण ती तिच्याहून चांगली सात-आठ वर्षांनी लहान होती.

"वहिनी, किती वाळलीस गं! खातेस की नुसती लेबलं चघळतेस?"

"वन्संबाईंनी स्वयंपाक करून घातला तर खाईन की."

"घ्या! मी पाहुणी आहे."

दोघी हसल्या. ऊन उतरलं होतं. नणंद दाराकडे तोंड करून बसली होती आणि दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होती, ज्याने नवा चष्मा लावून बायकोकडे पाहिलं आणि जुना परत मागितला. वहिनी तिच्या ओठांकडे बघत होती. तेवढ्यात ते ओठ थांबले. नणंदेची नजर दाराकडे गेली आणि तिथेच खिळली.

वहिनीने वळून भिंतीकडे पाहिलं. आधी काहीच नव्हतं. मग उमटलं, फाटक. थोड्या वेळाने, जिना.

नणंद उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर ते होतं जे लहान मुलांच्या चेहऱ्यावर असतं, शाळा सुटताना गर्दीत आपलं माणूस दिसलं की.

खोकला.

नणंदेने तोंडावर हात ठेवला. मग पडद्यावर काही आलं नाही.

"काय ऐकलंस?" वहिनीने विचारलं.

"कुठे काय?"

"वन्सं, माझ्याकडे बघून सांग. खोकला कसा होता?"

"वरच्या मजल्यावरचे काका असतील," नणंद म्हणाली. पण तिने ते खाली मान घालून म्हटलं, वहिनीला ओठ दिसू नयेत अशा बेताने. वहिनीला ते दिसलेच. पर्स उचलून नणंद लगबगीने निघाली. दारात थांबली, दार अर्धं उघडून जिन्यात डोकावली, आणि मग वळून म्हणाली, "कडी लावून घेत जा गं. येते."

"ये," वहिनी म्हणाली.

कडी तिने लावली नाही.

५

दोन दिवसांनी मास्तरांचा निरोप आला, आणि त्यात थट्टा नव्हती.

"ताई, वाईट झालंय. एका बहिऱ्या जोडप्याच्या घरी आग लागली. माणसं वाचली, खिडकीचा पडदा आणि पलंग जळाला. त्यांनी आठवड्यापूर्वीच कळवलं होतं की धुराचा भोंगा वाजला की आपला प्रोग्राम 'दार' दाखवतो. कारकुनाने त्यावर 'येतो' लावलं. ते लेबल लागलं की तक्रार सरळ तुमच्या यजमानांच्या खात्यावर जाते. तिथे कोण बघणार? त्या जोडप्याचं लहान मूल पलंगावर झोपलं होतं. शेजाऱ्यांनी धुरात शिरून उचललं."

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्याच्या खात्याची रांग उघडली. ती उघडायला ती इतके दिवस धजली नव्हती. कितीतरी तक्रारी तिथे येऊन बसल्या होत्या, दाखवलेल्या जागी निमूट बसून राहणाऱ्या माणसांसारख्या. एकीत दार हा शब्द होता, दुसरीत कुलूप, तिसरीत पावलं. सगळ्यांना सांगितलं होतं, येतो.

"मी मागेच म्हटलं होतं," मास्तरांनी लिहिलं, "कारकुनाला नव्याने शिकवायला हवं. त्यांची जुनी लेबलं बाजूला ठेवून. तुम्ही 'बघते' म्हणालात. तुमचं मन मला कळतं हो. पण हे काम त्यांनी कशासाठी उभं केलं होतं?"

मास्तरांना सगळं कळत नव्हतं. ती आठवणीसाठी थांबली नव्हती. ती दारासाठी थांबली होती.

"आज संध्याकाळी करते," तिने लिहिलं.

त्याची लेबलं काढायची म्हणजे एकेका जुन्या तक्रारीवरून त्याचा हात उचलायचा. दुपारभर ती तेच करत होती. बहुतेक तक्रारी मिटलेल्या होत्या. त्याने 'येतो' लावूनही उघडी राहिलेली एकच सापडली, सगळ्यांत जुनी. ती तिनेच लिहिली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. "दार वाजलं एवढंच कळतं. कुणी आलं की गेलं, ते कळत नाही."

खाली त्याने लिहिलं होतं, "हे जरा अवघड आहे. पण करतो."

त्या ओळीवर तिने बोट टेकवलं. काचेचा पडदा, थंडच लागणार. मग तिने तिथलंही लेबल काढलं.

६

दिवेलागणीला सगळं तयार झालं. खोलीतला दिवा तिने लावला नव्हता. टेबलाशी ती नेहमीसारखी बसली, दाराकडे पाठ करून. दाराला चेहऱ्याच्या उंचीवर एक चौकोनी झडप होती, बाहेर कोण आहे ते बघायला. ती उघडी होती. जिन्यातल्या दिव्याचा उजेड तिच्यातून आत येऊन टेबलावर पडला होता.

बटण दाबलं की कारकून सगळं विसरणार होता. तिने ते दाबायला बोट उचललं, आणि भिंतीवर शब्द आला.

फाटक.

वरचे काका असतील, ती मनाशी म्हणाली. रोज याच वेळी येतात.

जिना.

काकांनाही जिना चढावाच लागतो.

खोकला.

मग तेवढंच अंतर गेलं, जेवढं जायचं. तिने मनात ते मोजलं नाही, ते तिच्या अंगातच होतं.

किल्ल्या.

आता थोडं थांबलं तर? एकच दिवस. एकच शब्द तर उरलाय. ती इतकी आसुसली होती की तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिला ते मूल आठवलं, पलंगावर झोपलेलं, आणि भिंतीवर 'दार' वाचून कोण आलं ते बघायला गेलेली त्याची बहिरी आई. दार उघडलं असेल तिने. बाहेर कुणीच नसेल.

"माफ कर रे," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

कारकून नव्याने शिकू लागला. तो कामात गुंतला की टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपोआप विझायचा. तसा तो विझला, काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत तिला आपल्या पाठीमागचं दार दिसलं. दारातली उजेडाची चौकट दिसली.

चौकटीत कुणीतरी होतं. डोळे दिसत नव्हते. झडप लहान होती आणि बाहेरचा माणूस उंच होता. नाकाखालचं तेवढं दिसत होतं. हनुवटी. ओठ.

ते ओठ हलले.

माणसं उजेडात समोर बसून बोलली तरी कधी कधी तिचं वाचायला चुकायचं. हे नाही चुकलं. ओठ आधी बाजूला ताणले गेले, मग गोल झाले, मग किंचित उघडेच राहिले. येतो गं.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हणजे म्हणाला होता. नळाच्या आवाजाखाली म्हणाला होता, आणि आता तिच्यापाशी त्याचं काही उरलं नाही हे कळून पुन्हा सांगायला आला होता, नीट, तोंडासमोर. निरोपच तो. निघणाऱ्याने येतो म्हणायचं आणि घरातल्याने काय म्हणायचं हेही ठरलेलं असतं. तेवढंच तर तिचं राहून गेलं होतं. तेवढं म्हटलं की तोही सुटेल आणि आपणही सुटू, असं तिला वाटलं.

"ये," ती म्हणाली.

काळ्या काचेतली चौकट रिकामी झाली.

तिने डोळे पुसले. मग सवयीने तिने भिंतीकडे पाहिलं, आणि तिथे शब्द उमटत होता. दार.

त्याच्यापुढे आणखी एक शब्द आला. त्या पडद्याला तो कधीच कुणी शिकवला नव्हता. ते जरा अवघड होतं.

दार. आत.

ती हलली नाही. मास्तरांनी केलं असेल, असं तिच्या मनात आलं. पण त्यांनी केलं असतं तर तिला सांगितलं असतं. आपल्या तोंडून आत्ता कुठला शब्द गेला, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. निघालेल्याला म्हणायचा शब्द तोच, आणि दारात आलेल्यालाही तोच.

बटण, भिंतीवर आलं. बटण. खोली उजळली, विझली, पुन्हा उजळली.

वळावंसं तिला फार वाटत होतं. पण ती तशीच बसून राहिली, पाठमोरी, मान ताठ करून. खांद्यावर हात पडला की मगच वळायचं, असं त्या घरात ठरलेलं होतं.